तिलवाऱ्याच्या अलीकडे

दार आतून उघडत नाही हे श्रीकांतच्या लक्षात आलं तेव्हा मालक दुसऱ्या बाजूनं उतरून, फोन कानाला लावून, गोदामाच्या सावलीत गेला होता आणि ट्रायल अर्धीच राहिली होती. हँडलच्या जागी एक भोक होतं आणि धूळ येऊ नये म्हणून त्यात कोणीतरी कापडाचा बोळा कोंबला होता. काच खाली होती. बाहेर जबलपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरातली दुपार आपल्या कामात होती. रबराचा आणि जळक्या तेलाचा वास, कुठेतरी लोखंडावर पडणारा हातोडा, उभ्या ट्रकच्या सावलीत झोपलेली माणसं. मालक ज्या दारानं उतरला त्या दारानं उतरता आलं असतं. पण ट्रायल देणाऱ्यानं ट्रायल घेणाऱ्याच्या दारानं उतरावं की नाही, असा प्रश्न श्रीकांतला पडला, आणि प्रश्न पडला की तो बसून राहत असे. घरात, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे त्याची हीच रीत होती. राज्यशास्त्राची डॉक्टरेट झालेला, चाळिशी ओलांडलेला हा माणूस दहा चाकांच्या ट्रकच्या केबिनमध्ये अडकून बसला होता आणि खरं सांगायचं तर फारसा घाबरलेला नव्हता. अडकण्याची ही तऱ्हा निदान नवी होती.

गाडी त्यानं चांगली चालवली होती. दोन उभ्या ट्रकच्या मधल्या फटीत उलटी घातली, तेव्हा त्याला इथं घेऊन आलेला ड्रायव्हर बळीराम मागून पत्र्यावर थापा मारत होता, आणि त्या थापांवर विसंबून, आरशात न बघता, तो इंचाइंचानं मागे सरकत गेला होता. त्याला त्या वेळी एक विचित्र सुख वाटलं. तेरा-चौदा वर्षं वर्गात बोलूनही पाठीमागून असं कोणी कधी सांगितलं नव्हतं, की येऊ द्या, अजून येऊ द्या, आता बास. मालक म्हणजे चिराग. तिशीच्या आतला, दाढी कोरलेला, वडिलांच्या माघारी ट्रक आणि ड्रायव्हर एकाच वारसाहक्कात मिळालेला. तो शेजारी बसून मान डोलवत होता. "सर, हाथ साफ है आपका," असंही म्हणाला. मग त्याचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून तो सावरून बसला, "जी सर, जी, बिलकुल सर," असं म्हणाला, आणि बोलता बोलता त्यानं श्रीकांतकडे पाहिलं. ती नजर श्रीकांतच्या ओळखीची होती. परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्या पोराच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली की तो स्वतः असाच बघायचा.

आता स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसला होता. स्टिअरिंगला कोणीतरी लाल-पिवळी वेणी गुंडाळली होती, आणि ती घामानं काळी पडली होती. काचेच्या वर एक छोटा कॅमेरा होता, रस्त्याकडे नव्हे, ड्रायव्हरकडे तोंड केलेला. श्रीकांतनं नकळत केसांवरून हात फिरवला. विजय नगरमधलं घर इथून काही दूर नव्हतं, सरळ गेलं तर चहा थंड होण्याआधी पोचावं इतकं जवळ, आणि त्या घरात आत्ता विनता शाळेतून येऊन साडीच्या पिना काढत असेल, काका, म्हणजे भय्यासाहेब, खालच्या मजल्यावर पंख्याखाली पेपर वाचत असतील. तिचा समज असा, की नवरा एका लॉजिस्टिक्स कंपनीत इंटरव्ह्यूला गेला आहे. ते खोटंही नव्हतं. लॉजिस्टिक्स हा शब्द त्यानं बराच विचार करून निवडला होता. त्यात ट्रक मावत होता आणि दिसत नव्हता. घराणं मोठं. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत कोणी मूळपुरुष घोड्यावर बसून नर्मदा ओलांडून इकडे आला, ही गोष्ट भय्यासाहेब अजून दर दिवाळीला सांगत, आणि घोडा दरवर्षी थोडा उंच होत असे. पण त्या पुरुषानंतर कामासाठी घरातलं कोणी नर्मदेपलीकडे गेलं नव्हतं. बदली आली की ती रद्द करवून घ्यायची, हे या कुटुंबाचं खरं कसब. भय्यासाहेब स्वतः हिशेब खात्यात एकाच खिडकीसमोर निवृत्त झाले. श्रीकांतच्या वडिलांना एकदा छिंदवाड्याला पाठवलं, तर इतके लोक इतक्या लोकांना भेटले, की शेवटी छिंदवाड्याचं ऑफिसच काही काळ जबलपूरमधून चाललं, असं गमतीनं सांगत. गंमत अशी, की ते गमतीत सांगताना कोणी हसत नसे.

त्याच्या स्वतःच्या कॉलेजातल्या नोकरीचं सरकारी नाव होतं अतिथी विद्वान. एवढ्या आदराचं नाव दिलं की पुढे काही द्यावं लागत नाही. अतिथीनं दर सत्राला नव्यानं यायचं, विद्वानानं दर सत्राला नव्यानं सिद्ध करायचं, आणि नियमित प्राध्यापक बदलून आला की उठून जायचं. संचारस्वातंत्र्याचं कलम त्यानं वर्षानुवर्षं शिकवलं, भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क, आणि दर वेळी फळ्याकडे पाठ करून खिडकीतून बघताना त्याला नागपूर रस्त्यावरचा तिलवाऱ्याचा पूल दिसायचा. खरं म्हणजे खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा. पूल त्याच्या डोक्यात होता. पुलावर चढलं की खाली नर्मदा, समोर बरगीकडचे डोंगर, आणि मग रस्ता सरळ खाली, सिवनी, नागपूर, हैदराबाद, जिथं त्याला कोणी अमक्याचा पुतण्या म्हणून ओळखणार नाही. एक दिवस खात्याकडून मोबाइलवर संदेश आला, की आपल्या जागी नियमित नेमणूक झाली असून आपण फॉलन आउट झाला आहात. पडलात, आणि बाहेर पडलात. विनता म्हणाली, "होईल काहीतरी." भय्यासाहेब म्हणाले, "अच्छा, बघू, कोणाला तरी सांगू." तो त्या रात्री छान झोपला. पुढच्या महिन्यांत घरचे समजत होते तो लायब्ररीत जातो, आणि तो एका मैदानात जुन्या ट्रकवर गिअर घासत होता. क्लच दाबताना मांडी थरथरायची. घरी आल्यावर जिना चढताना विनता म्हणाली होती, "काहून हो, वाचून वाचून पाय दुखायले लागले का तुमचे?"

बळीराम त्याला लायसन्सच्या रांगेत भेटला. श्रीकांत फोनवर विनताशी काहीतरी खोटं बोलत होता, ते पुढच्या माणसानं ऐकलं आणि मागे वळून विचारलं, "मराठी का?" जबलपुरात हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे मराठी. गणपतीत एक जण स्टेजवर बसतो आणि दुसरा स्टेज बांधतो. बळीराम घमापुरातला, दुसऱ्यांपैकी. पन्नाशीचा, पोट सुटलेला, सतत काहीतरी चघळणारा, बोलायला भारी गोड. "सर, तुम्ही शिकलेले माणूस, तुमाले गाडी काहून चालवाची आहे?" श्रीकांत हातातले कागद चाळू लागला तेव्हा तोच म्हणाला, "असू द्या. मी आमच्या सेठकडे तुमच्यासाठी जागा करून राहिलो आहे, तुम्ही काई फिकर नका करू." त्याच्यासाठी जागा करणारा हा आयुष्यातला पहिला माणूस. श्रीकांतनं त्याला दोनदा जेवायला नेलं. भय्यासाहेबांना भेटवलं मात्र नाही.

खिडकीत एकदम बळीरामचं डोकं उगवलं. पायरीवर चढून त्यानं बाहेरचा खटका पकडला होता, दार उघडलं नाही. "काय करून ठेवलं सर तुम्ही?"

"मी? काय झालं?"

"आरटीओचा साहेब बोलून राहिला न सेठसंगं. रिटायर आहे, पण साहेबच तो. म्हणते, आपला मुलगा येऊन राहिला आहे, त्याले पाहून घेजा. सेठ घामाघूम आहे तिकडं."

श्रीकांतला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. सकाळी टेबलावर ठेवलेलं पाकीट, त्यावरचा पत्ता. बायोडाटा त्यानं दोन पानी केला होता, शोधनिबंधांसह. भय्यासाहेबांनी पत्ता वाचला असेल. परिवहन खात्यातले ते निवृत्त गृहस्थ रोज सकाळी त्यांच्यासोबत बागेत चालतात. घरातल्या कोणाचाही इंटरव्ह्यू आणि त्यासाठी कोणाला तरी सांगून न ठेवणं, हे या घरात जावयाला न जेवता पाठवण्यासारखं. प्रेमानं केलं असणार. त्याच्या नोकरीसाठी वीस वर्षांत जे काही केलं गेलं, ते सगळं प्रेमानंच केलं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी ती नोकरी दुसऱ्याला मिळाली होती.

"मग त्यात घाबरायचं काय? ओळख असली तर चांगलंच की."

बळीरामनं त्याच्याकडे कीव करत पाहिलं. "सर, ज्या ड्रायव्हरले आरटीओचा फोन येते, त्याले कोण गाडी देईन? ओव्हरलोड भरला तर? त्याले शिवी कशी देईन सेठ? शिवी नाही देता आली तर गाडी कशी चालीन?" तो पायरीवरून उतरला, खालून पुन्हा म्हणाला, "काईतरी करा. मले बी सेठले तोंड दाखवाचं आहे." त्या शेवटच्या वाक्यात काळजी जरा जास्तच होती, असं श्रीकांतला वाटून गेलं. पण माणूस आपल्यासाठी काळजी करतो आहे हे वाटणं इतकं सुखाचं असतं, की त्याची तपासणी कोण करतो.

चिराग आला. या वेळी केबिनमध्ये चढला नाही, खालीच उभा राहिला, हात मागे बांधून. "सर, आप पहले बताते। आप तो हमारे बड़े हैं।"

"नहीं, वो मेरे काका को ग़लतफ़हमी..."

"नहीं नहीं, अच्छी बात है। पर देखिए, ड्राइवर मुझे ऐसा चाहिए जिसको मैं कुछ बोल सकूँ। आपको मैं क्या बोलूँगा? आपको तो मैं सर बोल रहा हूँ।"

तो हसला. वाईट माणूस नव्हता. त्याच्या हसण्यात सुटका होती, आणि श्रीकांतनं जाणलं, की अजून दोन वाक्यांत त्याला चहा विचारला जाईल, आणि चहा विचारला गेला की सगळं संपलं. चहा पाजून परत पाठवलेल्या नोकऱ्यांची त्याच्या जिभेला चव होती. मग आजची संध्याकाळ येईल, खालच्या मजल्यावर दिवा लागेल, भय्यासाहेब वरती हाक मारतील, "काय झालं रे?", आणि "बघू म्हणाले" असं म्हणून तो जिना चढेल. त्या जिन्याच्या पायऱ्या आपोआप त्याच्या डोळ्यांपुढे आल्या, त्यांच्या कडेची लाल पट्टी, मधली झिजलेली. तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. "एक मिनट। आप उन्हीं से बात कीजिए।" आणि त्यानं घरी फोन लावला.

"काका, मी बोलतोय."

"हो, झालं का? मी सांगून ठेवलंय हो त्यांना. मॅनेजर म्हणून घेणार की आधी असिस्टंट?"

"काका, जागा ड्रायव्हरची आहे."

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. खालच्या खोलीतला तो पंखा लहानपणापासून तसाच घरघरायचा. "कारची?"

"ट्रकची."

"किती चाकांचा?"

"दहा."

पुन्हा पंखा. श्रीकांतनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांत घोड्यावरचा मूळपुरुष आला नाही, आला तो शाळेतला एक दिवस, भय्यासाहेब त्याची प्रगतिपुस्तकं लाल पेनानं तपासायचे तेव्हाचा, आणि त्यांच्या बोटांना येणारा शाईचा वास. त्यानं एका दमात सांगून टाकलं, की शिफारशीमुळे जागा जाते आहे, मालकाला भीती वाटते, आपल्यामागे कोणी नाही असं कोणी मोठ्या माणसानं त्याला सांगायला हवं. बोलताना त्याला कळत होतं की तो एका म्हाताऱ्याकडे केवढी मोठी गोष्ट मागतो आहे. हेही कळत होतं, की ही गोष्ट त्यांच्याकडे तयारच असेल.

"दे त्याला फोन," भय्यासाहेब म्हणाले.

चिरागनं स्पीकर लावला. भय्यासाहेबांची हिंदी ऑफिसातली, स्वच्छ होती. "देखिए बेटा, वह फ़ोन भूल जाइए। लड़का हमारा है, पर इसके पीछे कोई नहीं है। इतने साल कॉलेज में रहा, एक कुर्सी पक्की नहीं कर सका। घर में बल्ब बदलना हो तो पड़ोसी को बुलाते हैं। बीवी की तनख़्वाह पर बैठा है। आप डाँटिए, गाली दीजिए, जो मन में आए कहिए। हमारी तरफ़ से कोई पूछने नहीं आएगा।" शेवटी म्हणाले, "हम भी थक गए हैं।"

एकही शब्द अडखळला नाही. खोटं बोलायला माणसाला जुळवाजुळव करावी लागते, वाक्याच्या मध्ये कुठेतरी पाय सरकतो. इथं प्रत्येक वाक्य घासूनपुसून ठेवल्यासारखं आपल्या जागी होतं. श्रीकांत ऐकत राहिला. दुखलं का, असं त्यानं स्वतःला विचारून पाहिलं. दुखलं असावं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. त्याच्या आयुष्यातली ही पहिली शिफारस होती जी कामाला आली. फोन परत त्याच्या कानाशी आला तेव्हा भय्यासाहेब मराठीत, एकदम हळू आवाजात म्हणाले, "चलो, झालं. विनताला मी नाही सांगत. तू सांग." आणि ठेवला.

 चिरागनं हात मागून सोडले, कमरेवर ठेवले आणि मान वर केली. "चल, उतर। ऑफ़िस में आ।" नेमणुकीचं पत्र श्रीकांतला कधीच मिळालं नव्हतं, दर सत्राला नुसता एक आदेश निघायचा, त्यात त्याच्या नावाआधी डॉक्टर असायचं आणि शेवटी कधीही समाप्त करता येईल असं. आता एका 'चल'मध्ये काम झालं. खिडकीतून बाहेर हात घालून त्यानं खटका ओढला, बळीराम खालून दाखवत होता तसा, आणि उतरला.

ऑफिस म्हणजे एक टेबल, वडिलांचा हार घातलेला फोटो, आणि मोबाइलवर सगळ्या गाड्यांचे हलते ठिपके. चिरागनं काम सांगितलं. रेल्वेच्या मालधक्क्यावरून धान्याच्या गोण्या उचलायच्या, सरकारी गोदामात उतरवायच्या, परत मालधक्का. "सब लोकल है। तिलवारा के इस पार ही रहना है, पुल चढ़ने की ज़रूरत नहीं। रोज़ रात घर।" हे त्यानं मेहेरबानी म्हणून सांगितलं. रोज रात्री घर. श्रीकांतनं मान डोलावली, कारण मान डोलावायची वेळ होती. आत कुठेतरी पूल, खाली नर्मदा, सिवनीचा रस्ता हे सगळं इतकं शांतपणे विझलं, की त्याला वाटलं हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं तो कोणी वेगळाच होता, मैदानात थरथरत्या मांडीनं क्लच दाबणारा.

"लाइसेंस दे। ओरिजिनल।"

त्यानं दिलं. चिरागनं ड्रॉवर ओढला. आत लायसन्स होती, बरीच, रबर लावून, आणि प्रत्येकावरून एकेक माणूस सरळ समोर बघत होता. श्रीकांतनं आपला चेहरा त्यांच्यावर पडताना पाहिला. बाकीच्यांपेक्षा तो वेगळा दिसत नव्हता. "यह यहीं रहेगा," चिराग म्हणाला. "जब जाना हो, तो अपनी जगह एक आदमी ला, और यह ले जा। पापा के टाइम से यही रूल है। नहीं तो कल को सब भाग जाएँगे, मैं गाड़ी किससे चलवाऊँगा?" मग त्यानं गठ्ठ्याच्या तळाशी बोटं घालून एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं कार्ड काढलं आणि दाराकडे धरलं. "ले बलीराम। तेरा हो गया।"

बळीरामनं ते दोन्ही हातांनी घेतलं. शर्टला पुसलं, वरच्या खिशात ठेवलं, खिशावर थाप मारली. एकच थाप. मग श्रीकांतकडे न बघता बाहेर गेला. श्रीकांत त्याच्या मागून गेला तेव्हा तो बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरत होता, अगदी मन लावून.

"म्हणजे मी तुमच्या जागेवर," श्रीकांत म्हणाला.

"मग कोणाच्या राहणार सर? रिकामी जागा कोणाकडं असते?" बळीरामनं चूळ टाकली. आवाज तसाच गोड. "मी तीन माणसं आणली होती याच्याआधी. एक पळाला, दोन सेठले पटले नाही. तुमचं होऊन गेलं. माही पोरगी नागपूरले आहे, तिकडच्या एका मालकाकडं बात झाली माही, लाँग लाइनची. उद्याच निघतो." बहुतेक त्याला वाटलं की आपण काहीतरी देणं लागतो. "तुमाले कठीण नाही जाणार. आमच्यावानी घमापुरात, लायसन्सच्या रांगेत धुंडाळत नाही फिरा लागणार. तुम्ही तर इतकी वर्षं पोरं शिकवली. तुमाले माणसं बहुत भेटतीन."

वाईट हेतूनं म्हणाला नव्हता. दिलासाच होता तो.

संध्याकाळी मालधक्क्यावर गाडी लागली. पुढे रांग होती आणि पल्लेदार गोण्या चढवत होते, पाठी वाकवून, काही न बोलता. काचेवरचा कॅमेरा त्याच्याकडे बघत होता. घरी फोन करायला हवा होता; विनताला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत बसावं, असं त्यानं ठरवलं. पण मनात वाक्यांऐवजी नावं येऊ लागली. आधी तुरळक, मग क्रमानं, हजेरीपटावर होती तशी. वर्गात शिरल्यावर तो हजेरी घ्यायचा त्याच लयीत एकेक नाव घेत गेला आणि प्रत्येकापाशी थोडा थांबला. तनय पटवारी झाला, तो नको. दीप्तीनं लग्न केलं. एकाची दृष्टी अधू. एकाचे वडील पैसेवाले, तो कशाला येईल. एक उंच, खांदे रुंद, शेवटच्या बाकावर बसायचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स मागायला घरी आला होता, विनतानं त्याला पोहे दिले होते, आणि जाताना तो वाकून पाया पडला होता. वेदांग. हल्ली स्कूटरवर लोकांची पार्सलं पोचवतो. श्रीकांतला आपण काय करतो आहोत ते कळलं. त्यानं हजेरी तिथंच थांबवली. स्टिअरिंगवरची वेणी घट्ट धरून तो थोडा वेळ समोरच्या ट्रकच्या मागच्या पत्र्याकडे बघत राहिला. मग फोन काढला. नंबर अजून होता.

'वेदांग, कैसे हो? गाड़ी चलाते हो?' त्यानं लिहिलं.

उत्तर लगेच आलं. 'प्रणाम सर। सोचा नहीं था आपको मेरा नाम याद होगा। लाइट वाला लाइसेंस है सर। आप कहें तो हेवी बनवा लूँ?'

रांग एका गाडीनं पुढे सरकली. मागून हॉर्न वाजला. श्रीकांतनं लिहिलं, 'बनवा लो।' आणि सवयीनं, जसं तो वह्यांच्या शेवटी लिहीत असे, खाली लिहिलं, 'उज्ज्वल भविष्य की शुभकामनाएँ।' मग त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पुढे घेतली, एका ट्रकच्या लांबीएवढी.